मोबाइलला वयाची अट हवी का? बांशीचा ठराव आणि आपली घरं

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातलं बांशी हे गाव नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाएकी देशभरातल्या बातम्यांत आलं होतं. ग्रामसभेने ठराव केला की गावातल्या १८ वर्षांखालच्या मुलामुलींनी मोबाइल वापरायचा नाही. कारण सगळ्यांना पटण्यासारखंच होतं. कोरोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती मोबाइल आला. शाळा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून सुटला नाही. मुलं गेममध्ये आणि नको त्या साइट्समध्ये अडकली, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. आधी समजावून सांगू, ऐकलं नाही तर दंड करू, असं गावाने ठरवलं.

त्या दिवशी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये याच एका विषयावर मधली सुट्टी संपली. अर्धे शिक्षक म्हणाले, "शाब्बास, हे प्रत्येक गावात व्हायला पाहिजे." बाकीचे म्हणाले, "गृहपाठ व्हॉट्सॲपवर आपणच टाकतो, मग मुलांनी तो बघायचा कसा?" दोघांचंही बरोबर होतं. तेव्हापासून पालक सभेत हा प्रश्न दरवेळी निघतो. आता तर जगातले मोठमोठे देश यावर कायदे करत आहेत. म्हणून हा विषय जरा नीट समजून घेऊ या.

बंदी कशावर: मोबाइलवर की मजकुरावर?

पहिला गोंधळ इथेच होतो. मोबाइल म्हणजे एकच वस्तू नव्हे. त्याच मोबाइलवर दहावीचं गणित आहे, शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपी येतो, नागपूरला शिकणाऱ्या मोठ्या भावाचा व्हिडिओ कॉल येतो. आणि त्याच मोबाइलवर अश्लील व्हिडिओ आहेत, मारधाडीचे गेम आहेत, द्वेष पसरवणाऱ्या रील्स आहेत, अनोळखी माणसाचा "हाय" आहे.

ग्रामीण भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणारा 'असर' अहवाल सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. त्याच्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन चालवता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे बांशीच्या लोकांची काळजी खोटी नव्हती. पण हेही बघा की अर्ध्याहून जास्त मुलं त्यावर अभ्यासही करत होती. आमची उर्दू माध्यमाची मुलं दहावीनंतर सायन्सला जातात तेव्हा अचानक सगळं इंग्रजीत येतं. ट्यूशनचे पैसे नसतात. अशा कितीतरी मुलांनी यूट्यूबवरच्या हिंदी लेक्चरवर बारावी काढली आहे. सरसकट बंदी घातली तर घाणीबरोबर हेही बंद होतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळा रस्ता धरला. तिथे संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलं अभ्यासाला बसतात, साडेआठला पुन्हा भोंगा होतो. हा नियम लहानमोठे सगळ्यांसाठी आहे. मला तो बांशीपेक्षा जास्त पटला, कारण त्यात अम्मी-अब्बूंचा मोबाइलही बंद होतो. पण त्यातही एक गोष्ट राहून जाते. साडेआठ वाजल्यानंतर मुलासमोर काय येतं, हे ना भोंगा ठरवतो ना ग्रामसभा. ते कंपनी ठरवते.

पानठेल्याचा कायदा आठवा

शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू-सिगारेट विकायची नाही आणि १८ वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच विकायची नाही, असा २००३ चा कायदा आहे. कितपत पाळला जातो ते आपण रोज बघतो, ती गोष्ट वेगळी. पण त्या कायद्यात जबाबदारी कोणावर टाकली आहे? विकणाऱ्यावर. ठेल्यावर पाटी त्याने लावायची, वय त्याने विचारायचं, दंड त्याला.

सिनेमाचंही तसंच. 'ए' सर्टिफिकेटच्या पिक्चरला लहान मुलाला आत सोडायचं नाही, हे काम दारावरच्या माणसाचं.

इंटरनेटच्या बाबतीत मात्र इतकी वर्षं उलटं चाललं. दुकान चोवीस तास उघडं, दारावर कोणी नाही, आणि मुलगा आत गेला की दोष मुलाचा, नाहीतर त्याच्या आईचा. बहुतेक सोशल मीडिया कंपन्यांचा स्वतःचाच नियम आहे की १३ वर्षांखाली खातं उघडता येत नाही. पण वय विचारतात कसं? जन्मतारीख टाका म्हणतात. माझ्या सहावीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "इथे कोणाचा जन्म १९९९ चा आहे?" निम्मा वर्ग हसायला लागला. सगळ्यांना कळलं होतं मी काय विचारतेय ते.

बाहेरच्या देशांनी काय केलं

ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. १६ वर्षांखालच्या मुलांना इंस्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब अशा ठिकाणी खातं ठेवता येत नाही. व्हॉट्सॲप आणि यूट्यूब किड्स त्यातून वगळले आहेत. या कायद्यात मुलाला शिक्षा नाही, आईवडिलांनाही नाही. कंपनीने मुलांना रोखण्यासाठी योग्य ती पावलं उचलली नाहीत तर तिला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. पहिल्या महिनाभरातच सुमारे ४७ लाख खाती बंद झाल्याचं तिथल्या सरकारने सांगितलं.

ब्रिटनने सोशल मीडियावर सरसकट बंदी न घालता मजकुराला हात घातला. तिथल्या २०२३ च्या कायद्याप्रमाणे २५ जुलै २०२५ पासून अश्लील साइट्सना वय पक्कं तपासल्याशिवाय कोणाला आत घेता येत नाही. आत्महत्या, स्वतःला इजा करणं, खाणं सोडून बारीक होणं, असला मजकूर मुलांपर्यंत जाणार नाही याची जबाबदारीही कंपनीवर टाकली आहे.

मग अडचण कुठे आहे? वय तपासायचं कसं, इथे. आज मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिली, जन्मतारीख विचारणं. ती निकामी आहे हे वर सांगितलंच. दुसरी, सेल्फी घेऊन मशीनने चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधणं. यात १५ आणि १७ मधला फरक मशीनला नीट कळत नाही. तिसरी, सरकारी ओळखपत्र दाखवणं. ही सर्वात पक्की, आणि सर्वात धोक्याचीही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने कबूल केलं की जगभरातल्या सुमारे ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरीला गेले असावेत. ते फोटो वयाच्या तपासणीसाठीच घेतले होते. उद्या आपल्याकडे प्रत्येक ॲपने आधार मागितलं तर काय होईल, याचा विचार आधीच केलेला बरा. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात म्हणूनच लिहून ठेवलं आहे की फक्त सरकारी ओळखपत्रावर कंपनीने अडून बसायचं नाही, दुसरा पर्याय द्यायचा.

पळवाटाही आहेतच. ब्रिटनमध्ये नियम लागू होताच व्हीपीएन ॲप डाउनलोड करणाऱ्यांची रीघ लागली. तरीही माझं म्हणणं असं की कुलूप तोडणारे असतात म्हणून कोणी दाराला कुलूप लावायचं सोडत नाही. दहा वर्षांचं पोर चुकून आत जात होतं, ते तरी थांबतं.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो

आपल्याकडे काहीच नाही असा समज आहे. तसं नाही.

२०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ओटीटीवरच्या मालिका-सिनेमांना वयाचे गट द्यावे लागतात: सर्वांसाठी, ७+, १३+, १६+ आणि प्रौढांसाठी. १३+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता आलं पाहिजे, असंही त्यात आहे. किती घरांत हे कुलूप लावलेलं आहे, ते आपलं आपण तपासावं.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो. मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीने पालकाची पडताळलेली परवानगी घ्यायची, मुलावर पाळत ठेवायची नाही, त्याच्या आवडीनिवडी टिपून त्याला जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले आहेत.

कागदावर चांगलं आहे. पण आमच्या मोहल्ल्यातलं चित्र बघा. अब्बू ट्रकवर, नाहीतर गॅरेजमध्ये. अम्मीला उर्दू वाचता येतं, पण फोनवर सगळं इंग्रजीत. घरातला मोबाइल चालू करून देतो तो आठवीतला मुलगाच. उद्या कंपनीने पालकाची परवानगी मागितली तर ओटीपी कोण वाचणार? तोच मुलगा! म्हणजे परवानगी मागणाराही तो आणि देणाराही तो. शिवाय ७ वर्षांचं पोर आणि १७ वर्षांची बारावीची मुलगी, दोघांना एकच माप लावलं तर चालत नाही.

अजून एक कायदा मुलांना सांगितलाच पाहिजे. लहान मुलांचा अश्लील फोटो किंवा व्हिडिओ नुसता पुढे पाठवणं हासुद्धा गुन्हा आहे. आयटी कायद्याच्या ६७-ब कलमात पहिल्यांदाच ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. "मी बनवला नाही, फक्त फॉरवर्ड केला" हे तिथे चालत नाही. अल्पवयीन मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, पण जातंच.

बंदीचा मार कोणावर पडतो

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते.

काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत गप्प गप्प होती. हुशार, पहिल्या बाकावरची. एक दिवस सुट्टी झाल्यावर ती थांबली आणि रडायला लागली. चुलत बहिणीच्या शादीत काढलेला तिचा फोटो कोणीतरी ग्रुपमधून उचलला होता. त्याच्यावर घाणेरडी कारागिरी करून "बोलली नाहीस तर सगळीकडे टाकीन" अशा धमक्या तिला येत होत्या. मी विचारलं, "बेटा, घरी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मॅडम, घरी सांगितलं तर आधी मोबाइल जाईल, मग शाळा जाईल."

तिने चूक काहीच केली नव्हती. पण तिला पक्कं माहीत होतं की शिक्षा तिलाच होणार. धमकी देणाऱ्याला हेच हवं असतं. मूल घरी सांगणार नाही, या भरवशावरच त्याचा धंदा चालतो.

मी तिच्या अम्मीला शाळेत बोलावलं आणि तास-दीड तास बोलले. मग अब्बू आले, चिडलेले होते. शेवटी म्हणाले, "तिची शाळा बंद करणार नाही, तुम्ही पोलिसांत कसं जायचं ते सांगा." तक्रार झाली. तो मुलगा ओळखीतलाच निघाला. मुलीने पुढे दहावी चांगल्या मार्कांनी काढली. पण अब्बूंनी त्या दिवशी दुसरा निर्णय घेतला असता तर? अशा किती मुली थांबल्या नसतील माझ्याजवळ?

'असर'च्याच पाहणीत स्मार्टफोन चालवता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांमध्ये ३६ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये २७ टक्क्यांकडे. २०१९ मध्ये गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात एका समाजाच्या पुढाऱ्यांनी अविवाहित मुलींना मोबाइलबंदी केली होती. फक्त मुलींना. आपल्याकडे असा ठराव कोणी करत नाही, पण घराघरात तो न लिहिता लागू असतो. भाऊ रात्री एकपर्यंत गेम खेळतो, त्याला कोणी विचारत नाही. बहिणीने संध्याकाळी मैत्रिणीला मेसेज केला तर चौकशी. वाईट व्हिडिओ बघण्याचं वय आणि वेड मुलांना नसतं काय?

केरळमध्ये कोझिकोडच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींचे मोबाइल संध्याकाळी काही तास जमा करायचा नियम होता. एका मुस्लिम विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृह सोडायला लावलं. ती हायकोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं की इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, तिला परत घ्या. ती मुलगी १८ वर्षांवरची होती, त्यामुळे हा निकाल शाळकरी मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही. पण शिस्तीच्या नावाखाली मुलींचं शिक्षण अडतं, हे कोर्टाने ओळखलं.

आपल्या मुलांना अजून एक धोका

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून मोठा तणाव झाला. ज्यांच्या स्टेटसवरून वाद पेटला त्यांत अल्पवयीन मुलंही होती. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एका टचने काय होऊ शकतं याची कल्पना नसते. त्याला कोणीतरी चिडवतं, आपल्या समाजाबद्दल वाईट रील दिसते, रक्त तापतं, तो उत्तर म्हणून काहीतरी टाकतो. मग मोहल्ल्यातली दुकानं बंद होतात आणि आईवडील पोलीस ठाण्याच्या बाहेर बसतात.

हा मजकूर मुलासमोर आपोआप येत नाही. ज्यावर माणूस चिडून थांबतो, ते जास्त दाखवायचं, असं त्या ॲपचं गणित आहे. म्हणून वयाची अट फक्त अश्लील मजकुरापुरती नको. मुलांच्या खात्यावर हे "पुढचं बघा, अजून बघा" बंद असावं आणि अनोळखी माणसाचे मेसेज येऊ नयेत, ही मागणीही झाली पाहिजे.

घरात वयाप्रमाणे काय करता येईल

*सहा-सात वर्षांपर्यंत:* मूल जेवत नाही म्हणून मोबाइल हातात देऊ नका. दाखवायचंच असेल तर यूट्यूब किड्स, तेही आपल्यासमोर, थोडा वेळ.

*आठ ते बारा:* स्वतःचा फोन नको, सोशल मीडियाचं खातं नको. घरच्या फोनवर गुगलचं फॅमिली लिंक हे ॲप फुकट मिळतं. त्यात किती वेळ, कोणतं ॲप, हे ठरवता येतं. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. जमत नसेल तर मुलाच्या शिक्षकांना विचारा, लाजू नका.

*तेरा ते पंधरा:* इंस्टाग्राम असेलच तर खरं वय टाकलेलं असू द्या. खरं वय असेल तर टीन अकाउंट लागू होतं, खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, अनोळखी मेसेज अडतात आणि ते सैल करायला १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांची परवानगी लागते. खोटं वय टाकलं की ही सगळी राखण निघून जाते.

*सोळा-सतरा:* आता हिसकावून काही होत नाही. बोलावं लागतं. स्टेटस, फॉरवर्ड, पैशाचे गेम, सगळ्यावर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, हेही सांगा.

आणि सर्व वयांसाठी: रात्री मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. मुलाचा, मुलीचा आणि आपलाही. मगरिब ते इशा घरातले सगळे मोबाइल बाजूला राहिले तर वडगावसारखा भोंगाही लागणार नाही.

काही झालंच तर

मुलाला आधी एवढंच सांगा: "बरं केलंस सांगितलंस." मारझोड, आरडाओरड नंतरही नको. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, नंबर लिहून ठेवा. पैसे मागितले तर देऊ नका. मुलांसाठी १०९८, ऑनलाइन पैशाची फसवणूक झाली तर १९३० हे नंबर आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात नाव न सांगताही करता येते. १८ वर्षांखालच्या मुलाचा असा फोटो पसरू नये म्हणून 'टेक इट डाउन' ही फुकट सेवा आहे. मुलाचं मन खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे.

मग वयाची अट हवी की नको?

माझं उत्तर: हवी. पण ती मजकुरावर आणि कंपनीवर, मुलाच्या हातावर नव्हे. सात, तेरा, सोळा अशी वयाप्रमाणे चढती. आधारचा फोटो खासगी कंपन्यांना न देता. आणि मुलगा-मुलगी दोघांना सारखी.

बांशीच्या ग्रामसभेने निदान गावात बसून या प्रश्नावर चर्चा तरी केली. आपल्या मोहल्ल्यात, शाळेच्या पालक सभेत, मशिदीच्या कमिटीत ही चर्चा अजून व्हायची आहे. ती झाली तर अम्मींना जरूर बोलवा, कारण घरात मुलांच्या जवळ त्याच असतात. आणि नववी-दहावीच्या दोन मुलीही बसवा. त्यांना काय काय बघावं लागतं आणि घरी सांगायला भीती का वाटते, ते त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कोणताही नियम करू नका.